बटणांच्या डब्यातला फोन

"आजी, थांब ना... एवढी उडी होऊ दे... आजीऽऽ!"

पण मोठीबाईला थांबायला वेळ कुठे होता! जिन्यात सुनेच्या चपला वाजल्या होत्या. पहिला वळसा झाला... दुसरा झाला... तिसऱ्या वळणावर पिशवीतून किल्ली निघायची. कापड कापायच्या टेबलाखाली मांडी घालून बसलेल्या नातीच्या हातातून तिनं फोन हिसकला, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या तोंडून किंकाळी फुटली. आठ वर्षांच्या भिंगरीनं आजीच्या मनगटाला कडकडून चावा घेतला होता!

फोन फरशीवर आपटला आणि दार उघडलं.

सून उंबऱ्यातच थबकली. दिवसभर उभं राहून सुजलेले पाय, केसांवर पांढरी भुकटी, आणि चेहऱ्यावर घरी आल्याचं ते दमलेलं, आशेनं भरलेलं हसू... ते हसू तिथल्या तिथे विझलं. कारण भिंगरी टेबलाखालून बाहेर आली आणि आईच्या अंगावर ओरडली, "तू का आलीस? तू आलीस की सगळं संपतं! जा ना परत!"

घर दोन खोल्यांचं. त्यातली पुढची खोली म्हणजे मोठीबाईचं शिवणकामाचं दुकान. नवरा गेला तेव्हा पदरात चार वर्षांचा मुलगा आणि घरात पायानं चालवायचं एक मशीन, एवढंच तिच्याजवळ होतं. त्या मशीनवर तिनं मुलाला वाढवलं, शिकवलं, त्याचा संसार थाटून दिला. शाळा तिची दुसरीतच सुटली. पण माणसाला नुसतं नजरेनं मापून ती बाहीचं माप सांगायची. आख्खी गल्ली तिला मोठीबाई म्हणायची, आणि तिच्या जिभेला वचकून असायची.

मागोमाग मुलगा आला. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम; गुडघ्यांना नेहमीच तेल लागलेलं. त्यानं फरशीवरचा फोन उचलून उलटासुलटा केला.

"हा तर हिचा जुना फोन. दोन वर्षांपूर्वीच देऊन टाकला होता ना? घरात कसा?"

कोपऱ्यातला टीव्ही तेवढा बडबडत राहिला. मोठीबाईची जीभ नेहमीप्रमाणे आधी धावली.

"मला काय विचारतोस? बायकोला विचार की! सुट्टीच्या दिवशी लेकीला मांडीवर घेऊन खेळ खेळते ती. सवय तिनंच लावली, फोनही तिनंच कुठेतरी ठेवला असेल. जगाचे दात बसवते तुझी बायको, आणि तिच्या लेकीचे दात बघ कुठे बसले ते, माझ्या मनगटात!"

सून दातांच्या कारखान्यात कामाला होती. कवळ्या बनवायची. वाक्य अगदी नेमकं बसलं. पण भिंगरी तिच्याकडे बघत होती. एकटक. पोरीला सगळं ठाऊक होतं. तो फोन कोणी लपवला, कुठे लपवला, रोज दुपारी शाळेतून आल्यावर हातात कोणी दिला... सगळं! पण "आईला सांगायचं नाही, माझ्या गळ्याची शपथ" असं आजीनं बजावलं होतं, आणि पोर शपथेला जागली. ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

"शाळेतून चिठ्ठी आलीय," मुलगा बायकोला म्हणाला. "वर्गात झोपते. परवा मैत्रिणीला ढकललं. आज आजीला चावली. उद्या काय करेल? तुझ्या नोकरीपायी पोर हातची चाललीय. झालं तेवढं पुरे... सोड ती नोकरी!"

सुनेनं सासूकडे पाहिलं. क्षणभरच. मग मान खाली घालून ती म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे न्यायचंय ना? त्या काय म्हणतात ते ऐकू. चूक माझीच असेल तर... सोडते."

मोठीबाई मनगटाला हळद लावत बसली. जखम फारशी नव्हती. पण आतून काहीतरी ठसठसत होतं, आणि त्यावर लावायला घरात काही नव्हतं.

सहा वर्षांपूर्वीची ती दुपार मोठीबाईच्या डोळ्यांपुढून कधी हलली नव्हती. शाळेच्या गणवेशांचा हंगाम होता. सून नुकतीच कामावर जायला लागली होती, आणि दोन वर्षांची भिंगरी मशीनभोवती नावाप्रमाणे गरगर फिरत होती. मोठीबाईचे पाय जोरात चालू होते, नजर शिवणीवर होती. एवढ्यात एक इवलंसं बोट कापडावर आलं... आणि सुई नखातून आरपार गेली! ती किंकाळी! पांढऱ्या सदऱ्यावर पसरलेला तो लाल ठिपका! चाक उलटं फिरवून सुई वर काढताना मोठीबाईचे हात असे कापले होते, की आयुष्यात पुन्हा तसे कापले नाहीत.

संध्याकाळी तिनं सांगितलं, "दारात चेंगरलं."

ती पहिली खोटी गोष्ट. आणि दुसऱ्या दिवसापासून मशीन सुरू करताना तिची नजर आधी पोरीला शोधायला लागली. पोर कुठे आहे? बोटं कुठे आहेत? कात्री कुठे, इस्त्री कुठे? काम तर सोडता येत नव्हतं. मग एकदा तिनं आपला फोन पोरीच्या हातात दिला, चित्रं लावून दिली, आणि टेबलाखाली बसवलं. काय चमत्कार! तास तास पोर हलायची नाही. दोन्ही हात फोनवर, दहाही बोटं डोळ्यांपुढे, सुखरूप! देवानंच धाडलं हे यंत्र, असं तिला वाटलं.

चित्रांचे खेळ झाले. छपरांवरून उड्या मारणारा एक कोल्हा आला. त्या कोल्ह्याला रोज खाऊ घालावा लागे, नाहीतर तो म्हणे उपाशी मरायचा. मध्ये सुनेनं सांगून पाहिलं होतं, "आई, फोन नको द्यायला. मी सुट्टीला अर्धा तास बसते तिच्याबरोबर, तेवढा पुरे." मोठीबाई फणकारली होती, "मला नको शिकवू पोरं कशी वाढवायची!" आणि त्याच आठवड्यात, देऊन टाकायला म्हणून ठेवलेला सुनेचा जुना फोन तिनं गुपचूप बटणांच्या डब्यात तळाशी दडवला. वर बटणं, खाली फोन. सून जिन्यात आली की हिसकायचा, डब्यात टाकायचा, झाकण लावायचं. रोज!

दवाखान्याच्या भिंतीवर माशांची चित्रं होती. मुलांच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान दिसत होत्या, आणि मोठीबाईनं आत शिरताशिरताच त्यांच्या कोटाची बाही अर्धं बोट लांब असल्याचं हेरलं. म्हणजे बाईंना फारसं कळत नसणार, असं तिनं स्वतःला समजावलं.

भिंगरीचे डोळे तपासून झाले, झोपेचं विचारून झालं. मग बाईंनी विचारलं, "खेळ हातातून काढून घेता तेव्हा कसा काढता?"

"कसा म्हणजे?" मुलगा म्हणाला. "ओढून! दुसरं काय?"

"तुम्ही लिफ्टचं काम करता ना? चालती लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच बंद केली तर आतला माणूस काय करेल?"

मुलगा ओशाळला. "आरडाओरडा करेल."

"मग! मजला येऊ द्या, आणि मगच दार उघडा. आधी सांगा, दहा मिनिटं राहिलीत. पाच राहिलीत. ही फेरी झाली की बंद. आणि खेळ टेबलाखाली, कोपऱ्यात, लपून नको. सगळ्यांच्या देखत खेळू दे. कधीतरी शेजारी बसा, बघा तरी काय खेळते ती. जेवताना कुणाच्याच हातात फोन नको, मोठ्यांच्याही. झोपायच्या आधी तासभर तर नकोच. आणि खेळ संपला की हाताला दुसरं काहीतरी द्या, रिकामे हात परत तिकडेच धावतात."

मोठीबाईला मनातून राग आला. टेबलाखाली! हिला काय ठाऊक! पण पुढचा प्रश्न थेट तिच्यावरच आला.

"एक मला कळत नाहीये. आई आली की ही इतकी का चिडते? आणि शाळेतून आल्यावर आई येईपर्यंत घरी कोण असतं?"

भिंगरीनं आजीकडे पाहिलं. आजीनं माशांच्या चित्राकडे पाहिलं. बोल... बोल गं म्हातारे... आतून कोणीतरी ओरडत होतं. पण मुलगा समोर बसला होता. ज्याला तिनं खोटं बोलला म्हणून लहानपणी दिवसभर उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं, तोच मुलगा! त्याच्यापुढे ती काय बोलणार होती?

"आजी असते," सून शांतपणे म्हणाली. "पण फोन माझा होता, डॉक्टर. जबाबदारी माझी. मीच कमी पडले."

भिंगरीनं आईकडे चमकून पाहिलं. आणि मग त्या एवढ्याशा पोरीनं आजीचा हात, तोच चावा घेतलेला हात, टेबलाखालून गुपचूप दाबला. जणू म्हणत होती, मी नाही सांगणार हं, आजी! मोठीबाईला त्या क्षणी धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. खोटं कसं सांभाळायचं, हे या लेकराला कोणी शिकवलं? कोणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कामावर गेला, भिंगरी शाळेत गेली. सून निघताना मशीनपाशी थांबली. हातात घडी घातलेला तिचा पांढरा कोट होता. पहिल्या दिवशी कामावर जाताना मोठीबाईनंच शिवून दिला होता तो. कुरकुरत, टोमणे मारत, पण खिसे मात्र दुहेरी शिवणीचे, कारण आत बारीक हत्यारं ठेवायची असतात.

"आज चिठ्ठी देऊन येते, आई," ती म्हणाली. "आता दुपारपासून घरीच. हा कोट लागायचा नाही. उसवा आणि भिंगरीला काहीतरी शिवा यातून... कापड चांगलं आहे."

"अगं, पण पुढच्या महिन्यात तुला विभागाची मुख्य करणार होते ना?"

"करतील की दुसऱ्या कुणाला तरी." ती हसली. "पोरगी परत जा म्हणते हो, आई. आईला परत जा म्हणते... आता मुख्य होऊन काय करू?"

चपला जिन्यातून उतरल्या. तिसरा वळसा... दुसरा... पहिला... आवाज संपला.

मोठीबाईनं ब्लेड घेतलं. उजव्या खिशाचे टाके कापायला लागली. एक, दोन, तीन... चौथ्या टाक्याला तिचा हात थांबला. *तू आलीस की सगळं संपतं.* पोर असं का म्हणाली, ते तिला लख्ख दिसलं! आईच्या चपला वाजल्या की फोन हिसकला जायचा. रोज, दोन वर्षं, न चुकता. पोरीच्या जिवाला एवढंच कळलं होतं, की आई आली म्हणजे सुख गेलं. आईनं काहीच केलं नव्हतं. आई नुसती दमून घरी येत होती... आणि तिच्या पावलांचाच आवाज या आजीनं नासवून ठेवला होता!

"अरे देवा! काय केलं मी हे!"

ती उठली. जी बाई इस्त्री न केलेल्या कपड्यात गॅलरीतही उभी राहत नसे, ती मनगटाला टाचण्यांची गादी तशीच, गळ्यात मापाची पट्टी तशीच, एका काखेत कोट आणि दुसऱ्या काखेत बटणांचा डबा घेऊन रस्त्यावर धावली. बस निघून गेली होती. दोन थांबे ती चालत गेली. डब्यात बटणं खुळखुळत होती, लोक वळून बघत होते. चिठ्ठी दिली असेल का? साहेबांनी घेतली असेल का? घेतली असेल तर काय बोलायचं, कोणाचे पाय धरायचे? सिग्नलपाशी एक ओळखीचं गिऱ्हाईक म्हणालं, "मोठीबाई, आज इकडे कुठे?" तर तिला उत्तर देण्याचंही भान राहिलं नाही.

कारखान्यात ती पहिल्यांदाच शिरत होती. लांबलचक टेबलावर ओळीनं पांढरे जबडे मांडलेले. शेकडो कवळ्या मोठीबाईकडे बघून दात काढत होत्या. हसा, हसा... तिला वाटलं, हसण्यासारखंच केलंय मी!

टोकाच्या काचेच्या खोलीत सून उभी होती, समोर तिच्या साहेबबाई. टेबलावर एक लिफाफा. अजून बंद!

"उघडू नका तो!" मोठीबाई दारातूनच ओरडली. बाहेरची बारीक यंत्रं एकेक करून थांबली. सगळे बघायला लागले. बघू देत! "माझ्या सुनेचा काही दोष नाही, बाई. पोरीला फोन मी दिला. मी! हा बघा डबा, यात लपवत होते. हिनं नको म्हटलेलं असून दिला. आणि पकडले गेले तेव्हा नाव हिचं घेतलं. काल डॉक्टरांपुढे हिनं सगळा दोष आपल्या अंगावर घेतला, आणि मी... मी भिंतीवरचे मासे बघत बसले!"

"आई..." सून पुढे धावली. "आई, बसा आधी. पाणी घ्या."

"नको मला पाणी! अजून संपलं नाही माझं. ते भिंगरीचं बोट... ते दारात चेंगरलं नव्हतं गं..."

"माहीत आहे मला."

मोठीबाईनं हातातला डबा टेबलावर टेकवला.

"दारात चेंगरलं तर नख काळं पडतं, आई. आरपार भोक पडत नाही." सुनेच्या डोळ्यांतून आता धारा लागल्या होत्या. "मी दिवसभर बारीक भोकंच पाडते हो. मला नाही कळणार? आणि तो फोन... त्याच्या फटीत तुमच्या खडूची भुकटी होती. तीही कळली."

"सहा वर्षं? सहा वर्षं तुला ठाऊक होतं, आणि तू एका शब्दानं..."

"काय बोलायचं होतं? तुम्ही तीन दिवस जेवला नव्हता तेव्हा. मशीन सुरू करायच्या आधी चार वेळा टेबलाखाली वाकून बघायचात. मी बोलले असते तर तुम्ही मशीनच बंद केलं असतं. ती सुई पोरीच्या बोटात गेली... पण तुमच्या काळजातून ती अजून निघालेलीच नाही."

मोठीबाई तिथल्या स्टुलावर बसली आणि तोंडाला पांढरा कोट लावून, नवरा गेला तेव्हाही रडली नव्हती तशी रडली. सुनेनं तिचं डोकं पोटाशी धरलं.

जरा वेळानं साहेबबाईंनी तो लिफाफा उचलून सुनेच्या हातात परत दिला. "हा चुकून माझ्या टेबलावर आलेला दिसतोय," त्या म्हणाल्या. "आणि आजी, तुमच्या टाचण्या सांभाळा हं. इथे दातांत अडकल्या तर पंचाईत होईल."

संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर मोठीबाईनं त्यालाही सगळं सांगितलं. उभं राहून, नजर न चुकवता. त्याचा चेहरा लाल झाला. "आई, तू? तू असं..."

"हो, मी! काय बोलायचं ते बोल, आज ऐकून घेते. लहानपणी तुला उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं, आज मला कर." तिनं त्याच्या हाताकडे बोट केलं. "पण आत्ता बोलतानासुद्धा तुझा अंगठा फोनवर फिरतोय, तेवढा आधी थांबव!"

त्यानं खाली पाहिलं. खरंच फिरत होता! सुनेला हसू फुटलं, आणि त्यालाही मग रागावणं जमेना.

मोठीबाईनं भिंगरीला जवळ घेतलं. "बाळा, ती शपथ सुटली. आजीनं चुकीची घातली होती. आजी चुकली."

"म्हणजे... आता आईला सांगायचं चालतं?"

"चालतं गं, राणी."

भिंगरीनं आईकडे पाहिलं. मग एकदम धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली, आणि किती दिवसांचं साठलेलं, कोल्ह्याचं, शाळेचं, चाव्याचं, सगळं एका दमात हुंदक्यांसकट सांगायला लागली. "आई, माझं पोट दुखायचं गं... न सांगून..."

त्या दिवसापासून बटणांचा डबा टेबलावर आला, रिकामा आणि उघडा. जेवायच्या वेळी घरातले चारही फोन त्यात जायचे. मुलाचा सगळ्यांत शेवटी. कोल्ह्याचा खेळ रोज अर्धा तास, पुढच्या खोलीत, आजीच्या शेजारी स्टुलावर. तेवढा वेळ मशीन बंद, आणि टीव्हीही बंद. टीव्हीचं दुःख मोठीबाईला झालं. दुपारची मालिका बारा वर्षं चुकवली नव्हती तिनं. पण बोलली नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. तिसऱ्या दिवशी वेळ संपली तेव्हा भिंगरीनं रिळांचा खोका भिंतीवर फेकला. पाचव्या दिवशी कोल्हा मेला म्हणून जेवली नाही. मोठीबाई रोज वेळ संपत आली की घड्याळाकडे बघायची. आज देईल का फोन? परत चावली तर? आपल्या हातून पुन्हा हिसकला गेला तर? एकदा तर हात पुढे झालाही होता. तिनं तो पाठीमागे नेऊन दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

आठव्या दिवशी भिंगरी म्हणाली, "आजी, थांब, एवढी उडी..." आणि मोठीबाई चपापली. थांब, एवढी शिवण होऊ दे... पोर भूक लागली म्हणाली, चित्र दाखवायला आली, नुसती बिलगायला आली, तेव्हा तेव्हा तिनं स्वतः हेच म्हटलं होतं की! दिवसातून पन्नास वेळा!

"मार उडी," ती म्हणाली. "थांबलेय मी."

कोल्हा छपरावर पोचला. भिंगरीनं एक मोठा श्वास घेतला, आणि स्वतःच्या हातानं फोन डब्यात ठेवला. मग आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली.

मोठीबाईनं पांढरा कोट काढला. उजव्या खिशाचे तीन टाके अजून उसवलेलेच होते. सून इतके दिवस तसाच घालून जात होती, आणि शिवून मागत नव्हती; आज तो धुवायचा म्हणून घरी होता. मोठीबाईनं स्टूल मशीनपुढे ओढलं.

"ये. बस इथे."

"मशीनवर? मी?" भिंगरीचे डोळे मोठे झाले. "तू तर हात लावू देत नाहीस!"

"आज लावायचा. बोटं इथे, सुईपासून लांब. चाक मी फिरवते हळूहळू, तू नुसतं कापड धर. आणि कोपरा आला की थांबायचं, पण सुई कापडातच ठेवायची. म्हणजे शिवण तुटत नाही. कळलं?"

नखावर पांढरा डाग असलेलं ते बोट कापडावर टेकलं. चाक फिरलं. टक्... टक्... टक्... एकेका टाक्याला तिचा श्वास अडकत होता, आणि बोट सुखरूप पुढे सरकत होतं.

जिन्यात चपला वाजल्या. पहिला वळसा... दुसरा... मोठीबाईचा हात सवयीनं पुढे झाला.

"आजी, थांब!" भिंगरी ओरडली. सुई कापडात ठेवून तिनं दोन्ही हात उचलले, स्टुलावरून उडी मारली आणि दाराकडे पळत सुटली. "आईऽऽ! लवकर ये! खिसा वाकडा झालाय, पण मी शिवलाय!"

तिसऱ्या वळणावर चपलांचा आवाज क्षणभर थांबला... आणि मग दोन दोन पायऱ्या चढत धावत वर आला.